संगणकांची सावड

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या संगणक-कक्षातील जुन्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत मिळणारी कार्यप्रणाली बसवावी असे ठरले. तिची फाइल बरीच मोठी, आणि आपल्याकडील आंतरजालाची जोडणी मंद व लहरी. नेहमीच्या रीतीने ती उतरवून घेण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक काम झाल्यावर जोडणी तुटली आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. तिसऱ्या खेपेस तीच फाइल आम्ही टॉरेंट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने मागविली आणि यंत्र रात्रभर चालू ठेवले. रात्रीत जोडणी दोनदा तुटल्याचे नोंदीवरून दिसत होते; तथापि जेवढे आले होते त्यातले जवळजवळ काहीच वाया गेले नव्हते, आणि सकाळी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी फाइल पूर्ण झालेली होती.

त्या वेळी पडद्यावरील आकडे न्याहाळीत उभ्या असलेल्या नववीतील एका विद्यार्थ्याने मला दोन प्रश्न विचारले. "सर, ही फाइल नेमकी आली कोठून?" हा पहिला. दुसरा त्याहून मार्मिक होता : "आपण तर फाइल घेत होतो, मग आपला संगणक रात्रभर इतरांना देत काय होता?" प्रस्तुत लेख म्हणजे ह्या दोन प्रश्नांची उत्तरे होत. त्या विद्यार्थ्याने तिसराही एक प्रश्न विचारला होता. तो लेखाच्या शेवटी सांगेन.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रंथपालाजवळ चाळीस पानांची एक दुर्मिळ पोथी आहे आणि वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांना तिची प्रत हवी आहे. पोथी जीर्ण असल्यामुळे ग्रंथपालाचा नियम असा, की दिवसाला एकच पान, आणि तेही एकाच विद्यार्थ्यास, उतरून घेण्यासाठी द्यावयाचे. प्रत्येक विद्यार्थी जर प्रत्येक पानासाठी ग्रंथपालाकडेच जाऊ लागला, तर चाळीस गुणिले चाळीस म्हणजे 1600 दिवस लागतील. चार वर्षे उलटून जातील आणि शेवटच्या विद्यार्थ्याच्या हाती पोथी येईपर्यंत तो शाळाही सोडून गेलेला असेल!

आता दुसरी रीत पाहा. ग्रंथपाल पहिल्या दिवशी एकास पहिले पान देतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यास दुसरे देतो, तिसऱ्या दिवशी तिसऱ्यास तिसरे. ज्याने पान उतरून घेतले, त्याने आपली प्रत दुसऱ्या दिवशी एका सोबत्यास द्यावयाची आणि स्वतः कोणाकडून तरी वेगळे पान घेऊन ते उतरावयाचे. चाळिसाव्या दिवशी पोथीचे शेवटचे पान ग्रंथपालाच्या हातून बाहेर पडते. ते एकाकडून दोघांकडे, दोघांकडून चौघांकडे, चौघांकडून आठांकडे असे दुपटीने पसरत जाते, आणि आणखी सहा दिवसांत ते सर्वांच्या वहीत उतरलेले असते. म्हणजे योजना नीट आखली, तर पन्नास दिवसांच्या आत चाळीसही विद्यार्थ्यांजवळ संपूर्ण पोथी तयार! वर्गात चाळिसांऐवजी ऐंशी विद्यार्थी असते, तर पहिल्या रीतीने 3200 दिवस लागले असते. दुसऱ्या रीतीने फार तर एखादा दिवस अधिक.

ह्या विषयातील सारे मर्म ह्या एका उदाहरणात आहे. पहिल्या रीतीत मागणारा वाढला की देणाऱ्यावरील भार वाढतो. दुसऱ्या रीतीत मागणारा वाढला की देणाराही वाढतो, कारण मागणाराच देणारा असतो.

आंतरजालावरील बहुतेक व्यवहार पहिल्या रीतीने चालतो. आपण एखादे पान उघडतो किंवा चित्र मागवितो, तेव्हा कोठेतरी असलेला एक मोठा संगणक आपल्याला ते पुरवितो. त्यास सर्व्हर म्हणतात. तो केवळ देणारा. आपण केवळ घेणारे. एकाच वेळी लाखो लोकांनी एकच वस्तू मागितली, तर तो सर्व्हर गुदमरतो. आणि तो बंद पडला, तर सर्वांचाच व्यवहार थांबतो. दुसऱ्या रीतीस पीअर-टू-पीअर असे म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. येथे कोणी धनी नाही, कोणी याचक नाही. प्रत्येक संगणक आपल्याजवळचे देतो आणि नसलेले घेतो.

तुमच्या आजोबा-पणजोबांना ह्या व्यवहाराचे फारसे नवल वाटले नसते. आपल्या खेड्यांत सावडीची रीत पूर्वापार चालत आलेली आहे; काही भागांत तिलाच पैरा म्हणतात. आज चार घरची माणसे आणि बैल एकाच्या शेतात राबावयाचे, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या शेतात. पैशाची देवघेव नाही. श्रमाची फेड श्रमाने. संगणकांनी हीच सावड कशी उभी केली, आणि तिच्यात कोणकोणत्या अडचणी आल्या, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अमेरिकेतील बॉस्टन येथे महाविद्यालयात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग ह्या अठरा वर्षांच्या तरुणाने 1999 साली नॅपस्टर नावाची योजना सुरू केली. शॉन पार्कर हा त्याचा सहकारी होता. लोकांच्या संगणकांत गाण्यांच्या फाइली पडून होत्या. परंतु कोणाजवळ कोणते गाणे आहे हे इतरांस कळावे कसे? नॅपस्टरने एक मध्यवर्ती सूची ठेविली. संगणक जोडला गेला, की आपल्याजवळील गाण्यांची नावे तो सूचीत नोंदवी. ज्यास गाणे हवे, तो सूचीस विचारी आणि मग ज्याच्याजवळ ते असेल, त्याच्या संगणकाकडून परस्पर घेई. नॅपस्टरने स्वतःजवळ एकही गाणे साठविले नव्हते. तिच्याजवळ होती ती केवळ पत्त्यांची वही.

ही योजना वणव्यासारखी पसरली. पण त्यातील बहुतेक गाणी गायकांच्या आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या मालकीची होती आणि त्यांची अनुमती कोणी घेतलेली नव्हती. कंपन्यांनी 1999 च्या डिसेंबरात दावा लावला. 2001 च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाचा निर्णय नॅपस्टरच्या विरुद्ध गेला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती योजना बंद पडली. पत्त्यांची वही एकाच ठिकाणी असल्यामुळे ती मिटताक्षणी सारा व्यवहार संपला.

तत्पूर्वीच, 2000 सालच्या मार्च महिन्यात, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर ह्या दोघांनी नुटेला नावाची वेगळी योजना पुढे आणली. हिच्यात पत्त्यांची वहीच नव्हती. प्रत्येक संगणक आपल्या काही शेजाऱ्यांस ओळखे. काही हवे असल्यास शेजाऱ्यांस विचारावयाचे. ते आपल्या शेजाऱ्यांस विचारीत. आणि असा प्रश्न साधारणतः सात पायऱ्यांपर्यंत पुढे पुढे जाई. प्रत्येकास चार शेजारी आहेत असे धरले, तर पहिल्या पायरीस चार, दुसरीस बारा, तिसरीस छत्तीस, असे करीत सात पायऱ्यांत एक प्रश्न 4372 संगणकांपर्यंत पोहोचतो. ह्या योजनेस मध्य नसल्यामुळे ती एका जागी बंद पाडता येत नव्हती. पण एका गाण्यासाठी हजारो दारे ठोठावावयाची, आणि अशी विचारणा एकाच वेळी असंख्य लोकांनी करावयाची, ह्यामुळे वाटाच तुंबू लागल्या.

परंतु नुटेलाचा खरा रोग ह्याहून वेगळा होता. एयटन अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन ह्या दोन संशोधकांनी 2000 साली तिच्या व्यवहाराचे मोजमाप केले. तेव्हा असे आढळून आले, की सुमारे 70 टक्के लोक इतरांस एकही फाइल देत नव्हते; आणि आलेल्या उत्तरांपैकी जवळजवळ निम्मी उत्तरे देणाऱ्यांतील केवळ 1 टक्का संगणकांकडून येत होती. अकबर-बिरबलाची हौदाची गोष्ट तुम्हांस ठाऊक असेलच. प्रत्येकाने रात्री हौदात एकेक लोटा दूध ओतावयाचे; प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो, की इतके लोक दूध ओतणार, माझ्या एका लोट्यात पाणी असले तर कोणास कळणार? आणि सकाळी पाहावे तो सारा हौद पाण्याने भरलेला! नुटेलाची सावड अशीच होती. फुकट घेणे सोपे होते आणि देण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

ह्या रोगावर उपाय शोधला तो ब्रॅम कोहेन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने. 2001 साली त्याने बिटटॉरेंट नावाची पद्धती प्रसिद्ध केली. आपल्या शाळेत त्या रात्री जी रीत वापरली, ती हीच होय. तिच्यात चार युक्त्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिली युक्ती तुकड्यांची. फाइल अखंड न ठेवता तिचे सारख्या आकाराचे लहान तुकडे कल्पावयाचे. उदाहरणार्थ, 700 मेगाबाइटची फाइल 256 किलोबाइटच्या तुकड्यांत विभागली, तर बरोबर 2800 तुकडे होतात. हे तुकडे कोणत्याही क्रमाने, कोणाकडूनही घेता येतात. एक तुकडा पूर्ण झाला, की उरलेल्या 2799 तुकड्यांची वाट न पाहता तो लगेच दुसऱ्यास देता येतो. आता त्या विद्यार्थ्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या ध्यानी आली असतील. आपली फाइल एका ठिकाणाहून आलीच नव्हती. देशोदेशीच्या अनोळखी संगणकांकडून ती तुकड्यातुकड्यांनी आली होती. आणि जे तुकडे आपल्याजवळ आले होते, तेच आपला संगणक रात्रभर इतरांस देत होता. जोडणी तुटली तरी नुकसान झाले नाही, ह्याचे कारणही हेच. तुटला तो फार तर हातातला अर्धामुर्धा तुकडा. पूर्ण झालेले तुकडे जागच्या जागी होते.

दुसरी युक्ती ओळख पटविण्याची. अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा खरा कशावरून? वाटेत तो बिघडला असेल, किंवा कोणी खोडसाळपणे भलताच पाठविला असेल. ह्यासाठी प्रत्येक तुकड्यावरून गणिताच्या एका ठराविक रीतीने एक संख्या काढतात. तुकड्यात एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ती संख्या पार बदलते; म्हणून तिला त्या तुकड्याचा अंगठ्याचा ठसाच म्हणावयास हरकत नाही. मूळच्या पद्धतीत असा ठसा अवघ्या 20 बाइटचा असतो. वरील उदाहरणात 2800 तुकड्यांचे सर्व ठसे मिळून 56,000 बाइट होतात. हे ठसे, फाइलचे नाव, तिची लांबी आणि इतर थोडी माहिती एका चिमुकल्या फाइलीत असते. तिलाच टॉरेंट फाइल म्हणतात. ती आधी मिळवावयाची. मग आलेल्या प्रत्येक तुकड्याचा ठसा आपला संगणक स्वतः काढतो आणि तो यादीतील ठशाशी ताडून पाहतो. जुळला तर ठेवावयाचा, न जुळल्यास टाकून देऊन पुन्हा मागावयाचा. देणारा सज्जन आहे की दुर्जन, ह्याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. ठसे काढण्याची मूळ रीत एसएचए-1 ह्या नावाची आहे. दोन वेगवेगळ्या फाइलींचा ठसा एकच यावा असे घडविता येते, हे 2017 साली प्रत्यक्ष दाखविण्यात आले. म्हणून ह्या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत अधिक बळकट रीत योजिली आहे.

तिसरी युक्ती दुर्मिळाची. समजा, एका तुकड्याच्या प्रती सात संगणकांजवळ आहेत आणि दुसऱ्याची केवळ एका संगणकाजवळ. आधी कोणता घ्यावा? सहज मिळणारा आधी घ्यावा असे कोणासही वाटेल. पण तो एक संगणक मध्येच बंद झाला तर? मग बाकीचे सारे तुकडे असूनही कोणाचीच फाइल पुरी होणार नाही. म्हणून बिटटॉरेंटचा नियम असा, की जो तुकडा सर्वांत दुर्मिळ, तो सर्वांत आधी. प्रत्येक संगणक ह्या नियमाने चालला, की दुर्मिळ तुकडा आपोआप चोहीकडे पसरतो आणि कोणताही एक तुकडा एकाच्याच भरवशावर राहत नाही. नवागत संगणक मात्र ह्यास अपवाद आहे. त्याला देण्याजोगे काहीतरी चटकन हाती यावे, म्हणून तो आपला पहिला तुकडा कोणताही निवडतो.

चौथी युक्ती सर्वांत महत्त्वाची, आणि नुटेलाच्या रोगावरील औषध तेच होय. तिला आपल्या भाषेत अगदी चपखल शब्द आहे : जशास तसे. प्रत्येक संगणक एका वेळी थोड्याच सोबत्यांना, साधारणतः चौघांना, तुकडे देतो. हे चौघे कोण? ज्यांच्याकडून आपणांस सर्वांत अधिक वेगाने मिळत आहे, ते. हा हिशेब दर 10 सेकंदांनी पुन्हा होतो. जो देण्याचे थांबवितो, त्यास मिळणेही लवकरच मंदावते. मात्र नुसता असा काटेकोर हिशेब ठेवला, तर ज्याच्याजवळ अद्याप काहीच नाही त्या नवागताने काय करावे? त्यासाठी दर 30 सेकंदांनी एका सोबत्यास, त्याने काही दिले आहे की नाही हे न पाहता, एक संधी दिली जाते. हे जणू पहिले उसने होय. त्याने परतफेड केली तर स्नेह जुळतो. न केली तर पुढची संधी दुसऱ्या कोणास मिळते.

ह्या नियमामागे एक विचार आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्या अमेरिकन विद्वानाने 1980 च्या सुमारास संगणकांवर एक स्पर्धा घेतली होती. दोघांनी वारंवार व्यवहार करावयाचा. प्रत्येक वेळी सहकार्य करावे की फसवावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पुष्कळ चतुर कार्यक्रम स्पर्धेत उतरले होते. जिंकला तो ॲनातोल रॅपोपोर्ट ह्यांनी पाठविलेला, सर्वांत आखूड कार्यक्रम. पहिल्या वेळी सहकार्य करावयाचे आणि पुढे समोरचा जसे वागेल तसे वागावयाचे, एवढाच त्याचा नियम होता. ब्रॅम कोहेनने आपल्या पद्धतीचे विवेचन 2003 साली एका निबंधात केले, त्यात हेच तत्त्व त्याने आधारास घेतले आहे. सद्भावनेने आरंभ करावा, पण फुकटखाऊपणास थारा देऊ नये, असे त्याचे सार सांगता येईल.

एक अडचण उरली. एकाच फाइलीचे हे सारे सोबती एकमेकांस सापडावेत कसे? प्रारंभी त्यासाठी ट्रॅकर नावाचा एक संगणक असे. तो फाइलीस हात लावीत नसे. कोण कोण जमले आहेत, एवढेच सांगे. पण तो बंद पडला, की नॅपस्टरसारखीच गत व्हावयाची. पेटार मेमुंकोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर ह्यांनी 2002 साली कॅडेम्लिया नावाची एक योजना मांडली. तिच्या आधारे 2005 पासून ट्रॅकरवाचूनही काम चालू लागले. तिच्यात प्रत्येक संगणकास एक भली मोठी संख्या दिलेली असते, आणि प्रत्येक फाइलीच्या ठशाचीही एक संख्या असते. ज्या संगणकांच्या संख्या त्या ठशाच्या सर्वांत निकटच्या, त्यांनी त्या फाइलीच्या सोबत्यांचे पत्ते सांभाळावयाचे. परक्या गावी आपण पत्ता विचारतो, तेव्हा पहिला माणूस पेठ सांगतो, दुसरा आळी सांगतो, तिसरा वाड्यापर्यंत पोहोचवितो. येथेही तसेच घडते. प्रत्येक पायरीस अंतर निम्म्याने तरी घटते, त्यामुळे दहा लाख संगणकांतूनही सुमारे वीस पायऱ्यांत पत्ता लागतो. पत्त्यांची वही आता पानापानांनी सर्वांमध्ये वाटली गेली.

ह्या पद्धतीची भाषाही मोठी गमतीची आहे. ज्याच्याजवळ संपूर्ण फाइल असून जो केवळ देण्यासाठी थांबला आहे, त्यास सीड, म्हणजे बियाणे म्हणतात. जमलेल्या सर्व संगणकांस स्वार्म, म्हणजे मधमाश्यांचे मोहोळ म्हणतात. आणि जो केवळ घेतो व काम होताच निघून जातो, त्यास लीच, म्हणजे जळू!

येथवर वाचून, ही तर सर्वस्वी निर्दोष योजना आहे, असे कोणास वाटेल. म्हणून तिची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या मार्गाने आजही पुष्कळ चित्रपट, गाणी आणि पुस्तके मालकांच्या अनुमतीवाचून वाटली जातात. तुमच्यापैकी काहींच्या घरी हे घडत असेल, हे मी जाणून आहे. "आम्ही केवळ घेतो, कोणास विकत नाही," असा युक्तिवाद त्यावर केला जातो. परंतु वर सांगितलेली यंत्रणा ज्यास समजली, त्यास ह्यातील फोलपणा सहज दिसेल. येथे केवळ घेणारा असा कोणी नसतोच. घेता घेता प्रत्येक जण वाटणारा होतो. दुसऱ्याची वस्तू त्याच्या अनुमतीवाचून घेणे आणि ती वाटणे, ही दोन्ही कृत्ये एकाच वेळी घडतात. आपल्या देशात 1957 सालचा प्रताधिकाराचा कायदा आहे, आणि त्यात तुरुंगवास व दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. शिवाय मोहोळातील प्रत्येक संगणकाचा आंतरजालावरील पत्ता इतर सर्वांस दिसतो. येथे कोणी काळोखात नसतो.

दुसरा धोका असा. ठसा जुळला, ह्याचा अर्थ टॉरेंट फाइल बनविणाऱ्याने जी वस्तू ठेविली तीच तुमच्यापर्यंत जशीच्या तशी आली, एवढाच. ती वस्तू चांगली आहे, असे ठसा सांगत नाही. मूळ फाइलीतच कोणी संगणकाचा विषाणू भरून ठेविला असेल, तर तोही तितक्याच चोखपणे तुमच्या घरी येऊन पोहोचेल. म्हणून टॉरेंट फाइल कोणाकडून घ्यावी, ह्याचा विवेक माणसानेच करावयाचा आहे. ते काम यंत्र करीत नाही.

पण साधनाचा दुरुपयोग होतो म्हणून साधनच दुष्ट ठरत नाही. डेबियन, उबुंटू इत्यादी मोफत कार्यप्रणाल्या त्यांचे कर्तेच ह्या मार्गाने वाटतात. जुनी पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेने 2012 साली आपल्या संग्रहातील दहा लाखांहून अधिक वस्तू टॉरेंटद्वारे खुल्या केल्या. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये तर एकाच कचेरीतील संगणकांनी नव्या सुधारणांचे तुकडे एकमेकांस द्यावेत, अशी सोय आहे. प्रत्येकाने ते दूरच्या सर्व्हरकडून वेगवेगळे आणावयास नकोत.

आपल्या देशात ग्रंथकाराच्या निधनानंतर साठ वर्षे लोटली, म्हणजे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील प्रताधिकार संपतो. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही 1919 साली निवर्तले. त्यांचे वाङ्मय आज सर्वांचे आहे. असे वाङ्मय कोणीही, कितीही जणांस, निःशंक मनाने द्यावे.

आणि आता एक खेदाची गोष्ट. एकदा एका जुन्या, कोणाच्याही मालकीच्या न उरलेल्या ध्वनिमुद्रणासाठी मी ह्याच रीतीचा अवलंब केला. 97 टक्के भाग दोन दिवसांत आला आणि तेथेच थांबला. मोहोळात आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जणांजवळ नेमके तेच तुकडे नव्हते. संपूर्ण प्रत असलेला शेवटचा मनुष्य आपला संगणक बंद करून केव्हाच निघून गेला होता. मी तीन आठवडे वाट पाहिली. ते तीन टक्के आले नाहीत. चारही युक्त्या तेथे निरुपयोगी ठरल्या. जे कोणाजवळच नाही, ते कितीही चतुर नियमांनी मिळत नाही. वस्तू नष्ट होते ती कोणी जाळल्यामुळेच होते असे नाही. तिच्या प्रती असलेल्या प्रत्येकाने "आपले काम झाले" असे म्हटले, तरीही ती नष्ट होते.

आता तो तिसरा प्रश्न. त्या सकाळी फाइल पूर्ण झाल्यावर त्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपले काम झाले. आता बंद करू का?" मी त्यास पडद्यावरील दोन आकडे दाखविले. एक होता आपण घेतल्याचा, दुसरा दिल्याचा. आपण जेवढे घेतले होते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी दिले होते. मी म्हणालो, "सावडीचा नियम तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांनी आपल्या शेतात येऊन काम केले. आता आपली पाळी." त्याने यंत्र चालू ठेवले. रोज मधल्या सुट्टीत तो येऊन आकडे पाहून जाई. शनिवारी दोन्ही आकडे बरोबरीचे झाले. सोमवारी मी पाहतो तो यंत्र चालूच! विचारले, तर म्हणाला, "राहू द्या, सर. अजून कोणीतरी मागत आहे."

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या ह्या वार्षिकाचे कित्येक जुने अंक आज शाळेच्या कपाटात एकेकच उरले आहेत, आणि काही तर तेथेही नाहीत. महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या ट्रंकांत ते कदाचित असतील. आजोबांचा एखादा निबंध, आत्याची एखादी कविता असलेला अंक कोणाच्या घरी सापडला, तर तो शाळेस दाखवावा. त्याची छायाप्रत काढून मूळ अंक परत करू. लेखकांची वा त्यांच्या वारसांची अनुमती मिळाली, म्हणजे त्या प्रती चार घरांत, चार गावांत ठेविता येतील. जो तुकडा सर्वांत दुर्मिळ, तो सर्वांत आधी, हा नियम संगणकांनी पाळावयाचा आणि माणसांनी विसरावयाचा, असे होता कामा नये.